कबरीतली बैठक

फिडेलिस चिलेक्वाला गप्प बसवणं खाणीतल्या कुणालाच कधी जमलं नाही. शिफ्ट बॉसला जमलं नाही, युनियनच्या शाखाध्यक्षाला जमलं नाही, आणि त्याच्या बायकोला, बाना कासोन्देला, तर लग्नाच्या सतरा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. चार नंबरच्या शाफ्टमध्ये तो लाकडी टेकू लावणाऱ्या टोळीत होता, आणि त्या विभागाचा युनियनचा प्रतिनिधीही. कंपनी आणि युनियन यांच्यातल्या कराराची पुस्तिका तो तपकिरी कागदाचं कव्हर घालून जेवणाच्या डब्यासोबत खाली न्यायचा. कुठलं कलम कितव्या पानावर आहे, हे त्याला तोंडपाठ होतं. शिफ्ट बॉसने आवाज चढवला की हा शांतपणे पुस्तिका काढायचा, बोटाला थुंकी लावून पान उलटायचा, आणि समोरच्याचा जीव तिथेच अर्धा व्हायचा.

कंपनीने त्याला दोनदा बढती देऊ केली. कामगार सुपरवायझर झाला की युनियनमधून आपोआप बाहेर पडतो, हे कंपनीला ठाऊक होतं आणि त्यालाही. दोन्ही वेळा त्याने पत्राच्या पाठीमागे ‘नको, धन्यवाद’ असं लिहून ते परत पाठवलं.

“इथे छप्पर गळतंय आणि हे धन्यवाद म्हणतायत!” बाना कासोन्दे शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

“गळू दे. माझं तोंड विकत घेऊन कुणी ते छप्पर दुरुस्त करणार असेल, तर भिजलेलं बरं.”

लुकाशी या खाणकामगारांच्या वसाहतीत त्याचा एकच जिवलग होता, जायरोस न्जोव्हु. जिवलग म्हणजे काय, तर चौदा वर्षं दोघे खाणीच्या लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून खाली जायचे, एकाच टोळीत राबायचे आणि चौदा वर्षांत एकमेकांशी एक शब्द नीट बोलले नव्हते. चिलेक्वा बेम्बा, जायरोस न्गोनी, म्हणजे दोघे एकमेकांचे म्बुया. फार मागे या दोन जमातींनी एकमेकांची बरीच डोकी फोडली, आणि मग कधीतरी ठरवलं की यापुढे भांडायचं ते फक्त तोंडाने. तेव्हापासून म्बुयाने म्बुयाला काहीही बोलावं, त्याच्या ताटातलं मटण उचलावं, त्याच्या बापजाद्यांचा उद्धार करावा. रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, आणि समोरचा मागेल तो दंड त्याने मुकाट द्यायचा.

“काय रे उंदीरखाऊ, आज डब्यात शेपट्या आणल्यास का?” चिलेक्वा सकाळी पिंजऱ्याच्या रांगेत विचारायचा.

“तुझ्यासारखं आम्ही माकड नाही खात, बाबा. स्वतःच्या काकाला कोण खाईल?” जायरोस म्हणायचा, आणि सगळी रांग खिदळत जमिनीखाली जायची.

हा जायरोस एका मंगळवारी सकाळी छत कोसळून मेला.

चिलेक्वा तेव्हा खाली नव्हता. तो वर होता, पर्सोनेल मॅनेजरच्या खोलीत, गमबुटांवरून भांडत. चहा आला होता, बिस्किटं आली होती, आणि बूट सहा महिन्यांनी फाटतात की आठ, यावर तावातावाने बोलणं चाललं होतं. तेवढ्यात शाफ्टचा भोंगा झाला. पुढे आयुष्यभर त्याने बिस्किटाला हात लावला नाही.

खाली काय घडलं, ते संध्याकाळपर्यंत नळावरच्या बायकांना ठाऊक झालं होतं. सुरुंग उडवल्यानंतर छताचे सुटे दगड लोखंडी पहारीने पाडायचे आणि छत ठोकून बघायचं असतं. घट्ट दगड टणटण वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. जायरोसच्या कानाची सगळी खाण खात्री देत असे. त्या दिवशी त्याने तीन वेळा ठोकलं आणि तीन वेळा सांगितलं, बद्द वाजतंय, आधी टेकू लावू. शिफ्ट मागे पडली होती. शिफ्ट बॉस म्हणाला, आत जा. टोळीतल्या तिघांनी हे आपल्या कानांनी ऐकलं. तिघांनी बायकांना सांगितलं आणि स्वतः मूग गिळून बसले.

आणि गुरुवारी, मयत अजून शवागारात असताना, कंपनीचा कागद आला. मृत्यूचं कारण, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. त्या एका ओळीने जायरोसच्या बायकोचं, बाना एलेनीचं, राहतं घर जाणार होतं. खाणीत अपघाताने मेला तर कुटुंब कंपनीच्या घरात राहू शकतं, स्वतःच्या चुकीने मेला तर तीस दिवसांत बाहेर. मग ती चार लेकरं घेऊन गावाकडे, चिपाटाच्या बसमध्ये बसली असती, नवरा आपल्याच मूर्खपणाने मेला हा शिक्का कपाळावर घेऊन. बस एकदा सुटली की कुणाची चौकशी आणि कुणाचं काय! कंपनीचा सुंठेवाचून खोकला गेला असता.

चिलेक्वा तसाच पर्सोनेल मॅनेजरकडे गेला. मॅनेजरचं नाव डलित्सो जेरे. हाही न्गोनी, आणि त्यातही सरदार घराण्याचा. पण पोरवयातच शिकायला विलायतेला गेलेला, त्यामुळे उन्हातही कोट उतरवत नसे.

“साहेब, माणूस अजून मातीत गेला नाही आणि चौकशी संपली?”

“कागदपत्रं वेळेवर झालेली बरी असतात, चिलेक्वा.”

“कुणाला विचारलंत तुम्ही?”

“शिफ्ट बॉसने लेखी दिलंय.”

“ज्याने आत पाठवलं त्याने? वा! उद्या कोंबडी कुणी नेली, ते कोल्ह्याला विचारा.”

जेरेने पेनचं टोपण लावलं. “तुम्ही होतात का तिथे?”

 चिलेक्वा कुठे होता हे जेरेला चांगलंच माहीत होतं. याच खुर्चीत तर बसला होता.

“साक्षीदार आणा,” जेरे म्हणाला. “लेखी, सहीनिशी. मग बघू.”

साक्षीदार कुठून आणणार? टोळीतला सायलस कातोन्गो त्याला कुंपणापाशी भेटला, तोही इकडेतिकडे बघत. “माझी पाच पोरं आहेत, चिलेक्वा. नळावर काय बोललं जातं ते वेगळं आणि कागदावर अंगठा देणं वेगळं.” शाखाध्यक्षाकडे गेला, तर तो म्हणाला, “आधी माती तर होऊ दे. मग शांतपणे पत्र लिहू. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” हा माणूस युनियनच्या वर्गणीवर दर वर्षी नवा सूट शिवायचा, आणि त्या सुटाला सुरकुती पडेल असं काही त्याने कधी केलं नाही.

त्याच संध्याकाळी चिलेक्वा मयताच्या घरी गेला. अंगणात पुरुष शेगडीभोवती बसले होते, आत बायका. बाना एलेनीला त्याने दाराशी बोलावून घेतलं.

“वहिनी, उद्या मी फार वाईट वागणार आहे.”

“चांगले कधी वागला होतात?” ती म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. मग म्हणाली, “काय करायचं ते करा. माझा माणूस मूर्ख नव्हता, एवढं लोकांना कळू दे.”

“त्याचं हेल्मेट आणि पहार देता?”

तिने दोन्ही आणून दिली.

शुक्रवारी दुपारी अर्धी वसाहत दफनभूमीत होती. आमच्याकडे मयताच्या घरची कामं म्बुया करतात. लाकडं फोडणं, मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळणं, कबर खणणं ही त्यांची कामं, आणि रडणाऱ्यांना हसवणं हेही त्यांचंच. मेलेल्याची नक्कल करायची, त्याच्यावर तोंडसुख घ्यायचं, कबरीत उतरून अडून बसायचं, आणि चार नाणी हातावर पडली की बाहेर यायचं. दुःखाने माणूस वेडा होऊ नये म्हणून पूर्वजांनी केलेली ही सोय आहे, आणि त्यात कुणी कुणाला अडवत नाही.

कंपनीतर्फे जेरे आला होता, फुलांचं मोठं चक्र घेऊन. चक्राला कार्ड होतं आणि कार्डावर सोनेरी अक्षरांत सहानुभूती होती. न्गोनींमधले सर्वात वयोवृद्ध न्झिमा आजोबा जमिनीवर चटईवर बसले होते आणि त्यांच्या शेजारी जेरे खुर्चीवर. शिफ्ट बॉस आलाच नव्हता. त्याचं डोकं दुखत होतं म्हणे.

पाद्र्याची प्रार्थना झाली आणि गर्दीतून जायरोस चालत आला.

तेच वाकडं हेल्मेट, खांद्यावर तीच पहार, तीच गुडघ्याला गुडघा घासणारी चाल. बायकांनी आधी किंचाळी फोडली आणि मग हसू. चिलेक्वाने नाक उडवत, हुबेहूब जायरोसच्या घोगऱ्या आवाजात, सगळ्यांची खबर घेतली. पाद्र्याला म्हणाला, आटप रे, खाली माझे उंदीर थंड होतायत. स्वतःलाही सोडलं नाही. “तो माकडखाऊ चिलेक्वा कुठाय? मी मेलो तेव्हा साहेबाची बिस्किटं खात होता!” लोक हसून हसून डोळे पुसत होते. बाना एलेनीसुद्धा तोंडाला अंगावरचं कापड लावून हलत होती.

मग तो शववाहिका म्हणून आणलेल्या लॉरीपाशी गेला आणि तिच्या फळीखाली वाकून पहारीने ठोकलं.

“बद्द वाजतंय, बॉस. टेकू लावू.”

उडी मारून तो दुसऱ्या बाजूला झाला, कमरेवर हात ठेवले, मान ताठ केली. हा शिफ्ट बॉस. “तुझे कानच बद्द झालेत. चल आत.”

पुन्हा वाकला, पुन्हा ठोकलं. “बद्द वाजतंय, बॉस.”

“शिफ्ट मागे पडलीय. आत जा.”

आता कुणी हसत नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने ठोकलं तेव्हा तो आवाज पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

“बॉस, मला चार पोरं आहेत. बद्द वाजतंय.”

“आत जातोस की घरी जातोस?”

चिलेक्वाने हेल्मेट सरळ केलं, पहार खांद्यावर घेतली, कबरीपाशी आला आणि आत उतरला. खाली मांडी घालून बसला. वरून फक्त हेल्मेट दिसत होतं.

प्रथेप्रमाणे न्गोनींनी नाणी टाकली. ती एकेक करून वर परत आली.

“ही नकोत. जेरे घराण्याच्या पोराला बोलवा. त्याच्याशी बैठक आहे माझी. चहा-बिस्किटं नसली तरी चालेल.”

जेरे उठला. कबरीच्या काठाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “चिलेक्वा, झालं तेवढं पुरे. बाहेर या.”

“कसं येऊ? माणूस आपल्या चुकीने मेला असं तू लिहिलंस. ते इथे वाच. शवपेटी समोर आहे. त्याच्या तोंडावर वाचून दाखव, की मी बाहेर आलोच.”

“ही जागा नाही त्या गोष्टींची.”

“ऑफिसात म्हणालास साक्षीदार आण. इथे म्हणतोस जागा नाही. अरे उंदीरखाऊ, तुझ्या आज्यापणज्यांनी भाले घेऊन आमची गावं जाळली, त्यांना शरम वाटत असेल. त्यांचा नातू एका ओळीला घाबरतो! कोट काढ आधी, कोटाच्या आत माणूस आहे का बघू दे!”

कुणीतरी फिसकन हसलं. जेरेच्या मानेपर्यंत रक्त चढलं. विलायतेत माणूस बरंच काही शिकतो, पण लहानपणी चुलीपाशी शिकायचं राहून गेलं तर ते मोठेपणी कोटाच्या खिशात सापडत नाही.

“बाहेर नीघ!” तो किंचाळला. “निर्लज्ज माणसा! उद्यापासून कामावर यायचं नाहीस तू! पोलीस बोलावतो मी!”

  एवढ्या वर्षांत कुणी म्बुयावर रागावलं नव्हतं असं नाही, पण मयताच्या कबरीवर? चारचौघांत? न्गोनी बायकांनीच तोंडावर हात घेतले.

न्झिमा आजोबा काठीच्या आधाराने उठले. त्यांना उठायला वेळ लागला आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही.

“पोरा,” ते जेरेला म्हणाले, “तू रागावलास.”

“आजोबा, या माणसाने माझा अपमान—”

“तू रागावलास. आता तो मागेल ते दिल्याशिवाय पेटी खाली जाणार नाही. न्जोव्हुच्या घरचा कुणी ती उचलणार नाही. मी उचलू देणार नाही.”

“हे कंपनीचं काम आहे!”

“कंपनीचं काम तिकडे फाटकाच्या आत. इथे तू जेरेंचा मुलगा आहेस, आणि हरला आहेस. माग रे माकडखाऊ, काय मागायचंय ते.”

खालून आवाज आला, “दंडाची बकरी नको. चौकशी नव्याने. आणि ती होईपर्यंत घराला हात लावायचा नाही.”

“साक्षीदार कुठायत?” जेरेने शेवटचा धागा पकडला.

टोळीतले तिघे माना खाली घालून उभे होते. चिलेक्वाला खालून फक्त आभाळाचा तुकडा दिसत होता, आणि त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. आपण अख्खी वसाहत इथवर आणली आणि आता शेवटच्या पायरीवर सगळे पाय मागे घेणार, असं त्याला वाटलं.

मग सायलस कातोन्गोने टोपी काढली.  सरळ कबरीत उतरला आणि चिलेक्वाच्या शेजारी बसला. तोही बेम्बाच होता, तोही म्बुयाच. खाली बसल्यावर त्याला कंठ फुटला.

“मी होतो. तीनदा म्हणाला जायरोस. माझ्या या कानांनी ऐकलं.”

टोळीतले उरलेले दोघे एकमेकांकडे बघत होते. त्यातला एक न्गोनी, त्याला कबरीत उतरण्याचा हक्क नव्हता, म्हणून तो काठावरच गुडघ्यांवर बसला. दुसरा त्याच्या शेजारी. “आम्हीही होतो. लिहून घ्या.”

“लिहा!” मागून एक बाई ओरडली. “लिहा, लिहा!” शंभर तोंडांतून निघालं.

कागद कुणाकडे नव्हता. न्झिमा आजोबांनी काठी फुलांच्या चक्राकडे रोखली. जेरेने ते सहानुभूतीचं कार्ड तोडलं, उलटं केलं, आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवून लिहिलं. चौकशी पुन्हा होईल, तिघांची साक्ष घेतली जाईल, निकालापर्यंत कुटुंब घरात राहील. खाली सही.

“मोठ्याने वाच,” चिलेक्वा म्हणाला. तेवढं केल्यावरच तो बाहेर आला, आणि त्यानेच पेटीचा पुढचा दोर धरला. पेटी खाली गेली तेव्हा मात्र तो लहान पोरासारखा रडला. तोंडाने एक अक्षर न बोलता.

सात आठवड्यांनी निकाल लागला. मयताचा दोष नाही, अशी ओळ लिहिली गेली. शिफ्ट बॉसची बदली झाली, म्हणजे दुसऱ्या शाफ्टमधल्या लोकांच्या डोक्यावर तो गेला. पण घर बाना एलेनीच्या नावावर झालं, धाकटं पोर कामाला लागेपर्यंत.

त्याच आठवड्यात चिलेक्वाच्या हाती पत्र पडलं. वरिष्ठाला अपशब्द वापरले. लेखी माफी मागा, नाहीतर बडतर्फ. अपशब्दांची यादी जोडलेली होती, पहिल्या क्रमांकावर ‘उंदीरखाऊ’.

शाखाध्यक्ष धावत आला. “दोन ओळींचा प्रश्न आहे, फिडेलिस! लिही आणि मोकळा हो.”

“माफी कसली? मी तर कमी बोललो. तो ‘माकडखाऊ’ म्हणायला विसरला, ही त्याची चूक.”

“बायकोचा विचार कर.”

बाना कासोन्दे भाजी निवडत होती. तिने मान वर केली. “माझा विचार मी करते. यांनी तो कागद लिहिला तर या घरात मी राहणार नाही. असंही छप्पर गळतंय.”

त्याला काढून टाकलं. टोळीने एक दिवस पहारी खाली ठेवल्या, दुसऱ्या दिवशी शाखाध्यक्षाने त्यांना समजावून पिंजऱ्यात परत घातलं. खोटं कशाला सांगा, ते गेले. तिसाव्या दिवशी कंपनीच्या लोकांनी चिलेक्वाचं सामान रस्त्यावर आणून ठेवलं. पलंग, शेगडी, तीन पातेली, कराराची पुस्तिका.

बाना एलेनी डोक्यावर टोपली घेऊन बाजारातून येत होती. ती थांबली. तिने टोपली खाली ठेवली, शेगडी उचलली आणि आपल्या घराकडे चालू लागली. बाना कासोन्देने पातेली उचलली. पलंगाला चौघे लागले, त्यात सायलस कातोन्गो होता.

दोन खोल्यांत आता दहा माणसं. दर गुरुवारी चिलेक्वा तिथल्याच ओसरीवर बसू लागला आणि कामगार तिथेच येऊ लागले. कुणाची रजा कापली, कुणाला फाटके बूट दिले, सगळं तिथेच. युनियनचा तो आता कुणीही नव्हता. लोकांना त्याने काही फरक पडला नाही.

हे कंपनीच्या कानावर जायला वेळ लागला नाही. एका सकाळी घरवाटप खात्याचा कारकून फॉर्म घेऊन आला. चिलेक्वा आतून उठू लागला, तर बाना एलेनीने त्याला हाताने बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिली.

“या घरात कोण कोण राहतं?” कारकुनाने विचारलं.

“मी, माझी चार मुलं. फिडेलिस चिलेक्वा, त्याची बायको, त्यांची तीन मुलं.”

“कंपनीच्या घरात फक्त नातेवाईक राहू शकतात, आई. हा चिलेक्वा तुमचा कोण?”

“माझ्या नवऱ्याचा म्बुया.”

कारकुनाने फॉर्म वरखाली पाहिला. “पती आहे, पत्नी आहे, मूल आहे, आईवडील आहेत. म्बुया असा रकाना नाही इथे.”

“नाही ना? मग आखा,” बाना एलेनी म्हणाली. ती दारातून हलली नाही. “आखा आणि लिहा. तोपर्यंत मी इथेच उभी आहे.”

 कारकुनाने खिशातून पट्टी काढली, फॉर्म भिंतीवर टेकवला आणि रेघ मारली.